आपल्या शाळेची पेटी आणि पांढरी एक



प्रार्थनेच्या वेळी आपण मैदानात रांगा करून उभे असायचो आणि व्हरांड्यातल्या टेबलावर पेटी असायची. संगीताचे सर डाव्या हाताने भाता हलवत, उजव्या हाताने काळी चारची पट्टी दाबत आणि तो सूर कानात बसेपर्यंत कुणी तोंड उघडायचे नाही असा नियम होता. मागच्या रांगेतल्या मुलांना हा नियम जाचक वाटे. आज मात्र आपल्यातल्या कित्येकांच्या कानात तो काळी चारचा सूर तसाच बसलेला आहे, हे आपल्या ग्रुपवर सगळ्यांनी मान्य केले आहे.

मेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा शाळेला काय भेट द्यावे यावर चर्चा झाली. पेटी जुनी झाली आहे, काही सूर बोलत नाहीत, भात्याला उंदरांनी भोके पाडली आहेत असे कळले. तेव्हा ‘पेटी आता भंगारात द्या, शाळेला चांगला डिजिटल कीबोर्ड घेऊन देऊ, त्यात हार्मोनियमचा आवाज असतोच’ असे ग्रुपवर पहिल्यांदा लिहिणारी मीच होते. तेवीस अंगठे वर आले. पुढे उत्साहाच्या भरात मी आणखी एक गोष्ट कबूल केली: पेटी देऊन टाकण्याआधी तिचा एकेक सूर मुद्रित करून घेईन आणि नव्या कीबोर्डवर आपल्याच पेटीचा आवाज वाजेल अशी सोय करीन. सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षे काढल्यावर हे काम दोन शनिवारांचे वाटले होते. ते चार महिने चालले आणि त्यात माझे मत बदलले. का बदलले हे सांगण्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. तो रंजक आहे, म्हणून सविस्तर सांगते.

जुन्या वाद्याची डिजिटल प्रतिकृती करण्याचा खटाटोप जगात सर्वांत जास्त झाला तो दोन वाद्यांसाठी: हार्पसिकॉर्ड आणि चर्चमधला पाइप ऑर्गन. हार्पसिकॉर्ड दिसायला पियानोसारखे असले तरी जातीने वेगळे. पियानोत हातोडी तारेवर आपटते. हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की पक्ष्याच्या पिसाच्या देठाची एक बारीक नखी तार छेडून वर जाते. म्हणजे सतारीची नखी आणि पेटीची पट्टी यांचे लग्न लावल्यासारखा प्रकार. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच.

ही वाद्ये आपल्याकडे आली नव्हती असे समजू नका. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो 1616 साली अजमेरला जहांगीरच्या दरबारात हजर झाला, तेव्हा त्याने दिलेल्या नजराण्यात घोडागाडीबरोबर ‘व्हर्जिनल’ नावाचे वाद्य होते. ते हार्पसिकॉर्डचेच लहान भावंड. पुढे कंपनी सरकारच्या काळात कलकत्ता आणि लखनौला राहणाऱ्या इंग्रज बायका गवयांना आणि गाणाऱ्या स्त्रियांना घरी बोलावून त्यांच्या चिजा हार्पसिकॉर्डवर बसवत. विल्यम हॅमिल्टन बर्ड याने अशा हिंदुस्थानी चालींचे एक पुस्तकच 1789 साली कलकत्त्यात छापले. हार्पसिकॉर्डवर मींड निघत नाही आणि दोन पट्ट्यांमधला सूर मिळत नाही. तरी त्यांनी आपल्या चाली त्या पट्ट्यांमध्ये बसवल्या. आपल्या संगीताचे आणि पट्टीच्या वाद्याचे भांडण असे फार जुने आहे.

1700 च्या सुमारास इटलीत फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमिओ क्रिस्तोफोरीने पियानो बनवला आणि शंभर वर्षांत हार्पसिकॉर्ड मागे पडले. पुढचे शतकभर ते अडगळीत आणि संग्रहालयांत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर्नोल्ड डोल्मेच यांनी जुन्या पद्धतीची वाद्ये पुन्हा बनवायला घेतली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वांदा लांडोव्स्का ही पोलंडची वादिका हार्पसिकॉर्ड मैफलीत वाजवू लागली आणि लोकांना त्याची पुन्हा आठवण झाली. पण वाद्य नाजूक. हवा बदलली की तारा उतरतात, लाकूड फुगते आणि दर काही दिवसांनी सूर लावावे लागतात. मोठ्या पाइप ऑर्गनची गोष्ट याहून अवघड, कारण तो वाद्यही असतो आणि इमारतही. हजारो नळ्या, भाते, लाकडी कपाटे. तो घरी आणायचा तर घरच त्याच्याभोवती बांधावे लागेल.

म्हणून त्यांचे अनुकरण करणारी यंत्रे निघाली. लॉरेन्स हॅमंडने 1935 साली फिरत्या चाकांपासून विजेच्या साहाय्याने सूर काढणारा ऑर्गन बाजारात आणला. 1971 साली अमेरिकेतील अ‍ॅलन कंपनीने पहिला डिजिटल ऑर्गन विकायला काढला. त्यात नळीच्या आवाजाच्या तरंगाचा आकार आकड्यांच्या रूपात साठवलेला असे आणि पट्टी दाबली की यंत्र तेच आकडे पुन्हा पुन्हा वाचून आवाज तयार करी. एवढ्या कामासाठी लागणाऱ्या चिप त्या काळी अवकाशयानांच्या आणि संरक्षणाच्या क्षेत्रातून आल्या होत्या. पुढे स्मृती स्वस्त झाली. 1980 साली कॅसिओचा पहिला कीबोर्ड आला. 1983 साली यामाहाचा डीएक्स-7 आला आणि त्याच सुमारास निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू शकतील अशी ‘मिडी’ नावाची सामाईक भाषाही ठरली. जपानच्या रोलँड कंपनीने तर हुबेहूब हार्पसिकॉर्डच्या घाटाचे डिजिटल वाद्य बनवले. आज ‘हाउप्टवेर्क’ नावाचे सॉफ्टवेअर घेऊन युरोपातल्या एखाद्या जुन्या चर्चमधल्या ऑर्गनची प्रत्येक नळी, तिच्या प्रतिध्वनीसकट, घरातल्या संगणकावर वाजवता येते.

या मंडळींची एक गोष्ट मला काम सुरू करताना विचित्र वाटली होती. त्यांनी जुन्या वाद्याच्या उणिवाही जपल्या. डिजिटल वाद्यात पट्टी जोरात दाबल्यावर आवाज मोठा करणे अगदी सोपे असते. पण हार्पसिकॉर्डच्या आवाजात ते मुद्दाम बंद ठेवले. नखी तार छेडते तेव्हा बोटाला लागणारा बारीकसा अटकाव आणि पट्टी सोडल्यावर नखी तारेला चाटून खाली येते तेव्हाची टिकटिक, हीसुद्धा आणली. आणि सर्वांत महत्त्वाचे, सूर लावण्याच्या जुन्या पद्धती एकेका बटनावर ठेवल्या. तेव्हा मी म्हटले, हा हौशी लोकांचा हट्ट. हे चुकीचे होते, ते पुढे येईलच.

आता आपल्या पेटीकडे येऊ. पितळेच्या पातळ जिभेवरून हवा गेली की ती थरथरते आणि सूर निघतो, हे तत्त्व चीनमधल्या ‘शंग’ या वाद्यात फार प्राचीन काळापासून आहे. त्यावरून युरोपात प्रयोग झाले आणि 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने आपल्या वाद्याचे ‘हार्मोनियम’ असे नाव ठेवून पेटंट घेतले. ती पायाने हवा भरण्याची, खुर्चीवर बसून वाजवण्याची पेटी. ज्यांना पाइप ऑर्गन परवडत नसे अशा लहान चर्चसाठी ती सोयीची, म्हणजे ती स्वतःच एका मोठ्या वाद्याची स्वस्त नक्कल होती. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांबरोबर ती हिंदुस्थानात आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत तिचे पाय काढले, भाता मागे आणला आणि ती जमिनीवर बसून एका हाताने वाजवता येईल अशी केली. आपण ज्या वाद्याला अस्सल देशी समजतो, तिचा जन्म असा दुरुस्तीतून झाला.

महाराष्ट्रात तिला खरी प्रतिष्ठा दिली ती नाटकाने. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. गोविंदराव टेंबे यांच्यासारखे पेटीवादक संगीतकार झाले. 1911 च्या ‘मानापमाना’च्या चाली त्यांच्याच. गंधर्व नाटक मंडळीत पुढे ऑर्गन आला. हा ऑर्गन म्हणजे पायपेटीचाच भाऊ, पण त्यात हवा बाहेर ढकलली जात नाही, आत ओढली जाते. त्यामुळे आवाज गोल आणि भरदार येतो. बालगंधर्वांच्या साथीला हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर, कादरबक्ष सारंगीवर आणि अहमदजान थिरकवा तबल्यावर, ही बैठक ज्यांनी ऐकली ते भाग्यवान.

तिकडे पुण्या-मुंबईत संगीत नाटक ओसरले, पण आपल्या झाडीपट्टीत ते ओसरले नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागांत दिवाळीनंतर धान घरात आले की मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्र रात्र नाटके होतात. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. आपल्यातल्या बहुतेकांनी आईच्या शालीत गुरफटून, तणसावर बसून पहाटेपर्यंत नाटक पाहिले आहे. माझ्या लहानपणी रंगमंचासमोर ऑर्गन आणि तबला असायचा. आता तिथे कीबोर्ड आणि ऑक्टापॅड आहे. कोणत्याही कंपनीचा असला तरी गावात त्याला कॅसिओच म्हणतात. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. ऑर्गन बैलगाडीतून गावोगाव न्यायचा, थंडीत दवाने त्याचे चामडे आखडायचे, मे महिन्यात लाकूड तडकायचे. कीबोर्ड पाठीला अडकवून मोटारसायकलवर नेता येतो. युरोपात हार्पसिकॉर्डच्या बाबतीत जे घडले, तेच कारण इथेही.

तर मी सुट्टीत गावी आले, शाळेच्या परवानगीने पेटी एका बंद खोलीत ठेवली, पंखा बंद केला आणि मुद्रण सुरू केले. आपल्या पेटीला 39 पट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टीला खर्ज आणि नर असे दोन सूर, म्हणजे 78 जिभा. त्यातल्या पाच मुक्या होत्या. प्रत्येक सूर एकदा हलक्या भात्याने आणि एकदा भरल्या भात्याने घेतला. आवाज मुद्रित करणे म्हणजे त्याची सेकंदाला 44,100 वेळा मोजणी करून ते आकडे लिहून ठेवणे. सहा सेकंदांच्या एका सुराला सव्वापाच लाख बाइट लागतात. जवळपास दीडशे मुद्रणे झाली आणि सगळी मिळून ऐंशी एमबीही भरली नाहीत. लग्नाचा एखादा व्हिडिओ याहून मोठा असतो.

सहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ पट्टी दाबली तर काय? तेव्हा यंत्र मधला एक तुकडा गोल गोल फिरवते. तो तुकडा जिथे जोडला जातो तिथे सांधा कळता कामा नये. नवी जीभ असेल तर हे सोपे, पण जुन्या जिभेचा आवाज हलकासा डुलत असतो. एकेका सुराचा सांधा लपवायला मला एकेक संध्याकाळ लागली. पाच मुक्या सुरांच्या जागी शेजारच्या सुरांचे मुद्रण ताणून बसवले.

मग सॉफ्टवेअरने एक प्रश्न विचारला: प्रत्येक सूर जवळच्या प्रमाण स्वराशी जुळवून घ्यायचा का? मी मोजून पाहिले. बहुतेक पट्ट्या ठीक होत्या, पण काही पांढऱ्या पट्ट्या उतरलेल्या होत्या. मधल्या सप्तकातली पांढरी एक सेकंदाला 261.6 कंपनांची हवी, ती 259.7 निघाली. पांढरी चार आणि पांढरी पाच, याही तशाच खाली. जुनी पेटी, गंज, धूळ असे मनाशी म्हणून मी ‘होय’वर बोट ठेवले. एका क्षणात सगळे सूर रांगेत उभे राहिले. मला समाधान वाटले.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणि उसना कीबोर्ड घेऊन सरांच्या घरी गेले. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. खांदा आखडल्यामुळे त्यांना भाता मारता येत नाही. सहा-सात वर्षांत त्यांनी पेटीला हात लावलेला नाही. कीबोर्ड मांडला, तेव्हा आधी त्यांनी हात लुंगीला पुसले. काळी चार दाबली. चेहरा उजळला. ‘हो, हीच. आपलीच आहे वं पोरी.’ मग प्रार्थनेची पहिली ओळ वाजवायला लागले आणि गंधारावर येऊन थांबले. पुन्हा वाजवले. पुन्हा तिथेच थांबले.

‘ग चढला तुझा,’ ते म्हणाले.

मी म्हटले, ‘सर, पेटीतच ती पट्टी उतरलेली होती. मी ती बरोबर केली.’

‘उतरलेली नव्हती. मी उतरवली होती.’

मग त्यांनी सांगितले ते असे. शाळेत रुजू झाल्यावर पहिल्याच वर्षी त्यांच्या लक्षात आले की मुले काळी चारमध्ये प्रार्थना म्हणतात तेव्हा गंधारावर पेटी एक बोलते आणि मुले दुसरे बोलतात. मुले खाली, पेटी वर. त्यांनी महिनाभर मुलांना दटावले. नंतर एक दिवस तानपुरा लावून बसले, तेव्हा कळले की मुलेच बरोबर आहेत. त्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी पेटी उघडली आणि बारीक कानस घेऊन तीन सुरांच्या जिभा मुळाशी घासल्या. जिभेचे टोक घासले तर सूर चढतो आणि मुळाशी घासले तर उतरतो. काळी चारला सा धरला की पांढरी एक ग होते, पांढरी चार ध आणि पांढरी पाच नी. नेमक्या याच तीन पट्ट्या मला उतरलेल्या सापडल्या होत्या.

घरी येऊन मी गणित मांडले. काळी चारचा सा सेकंदाला 207.65 कंपनांचा. कानाला गोड लागणारा शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट असतो, म्हणजे 259.6. कीबोर्डमध्ये मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणजे कोणत्याही पट्टीपासून गाता येते. त्या हिशेबात गंधार 261.6 वर जातो. फरक दोन कंपनांचा, पण सा आणि ग एकत्र दाबले की सेकंदाला आठेक वेळा थरथर ऐकू येते. सरांच्या 259.7 मध्ये तीच थरथर दोन सेकंदांत एकदा, म्हणजे जवळजवळ नाहीच. एका शिक्षकाने कोणतेही यंत्र हाती न घेता, फक्त तानपुरा आणि कानस घेऊन, हजारांत एका भागाइतका जवळचा सूर लावला होता. आणि मी तो एका टिचकीत बिघडवला होता.

याची किंमतही त्यांनी मोजली होती. एखादा पाहुणा वादक स्नेहसंमेलनात पांढरी एकला सा धरून वाजवायला बसला, की त्याला गंधार 324.6 चा हवा असे आणि पेटी देई 329.6. तो म्हणे, शाळेची पेटी बेसूर आहे. सर काही बोलत नसत.

हाच वाद आपल्या देशात मोठ्या माणसांनी मोठ्या प्रमाणावर घातलेला आहे, हे मला नंतर वाचताना कळले. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी बावीस श्रुतींची कंपने मोजण्याचा ध्यास घेतला आणि 1910 साली त्यावर इंग्रजीत पुस्तक काढले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातून सूर घेऊन त्यांनी ते पडताळले. अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाला त्यांचे म्हणणे पटले आणि दोघांच्या खटपटीतून श्रुती-हार्मोनियम तयार झाली. 1916 साली बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर जोरदार चर्चा झाली. भातखंडे यांच्यासारख्यांना हा मार्ग पटला नाही. श्रुती अशी आकड्यात बांधून पट्टीत बसवता येते का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो आजही सुटलेला नाही.

पुढे आकाशवाणीने तर पेटीला दारच बंद केले. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनी 1938 साली पेटीविरुद्ध लेख लिहिला. तिचे सूर आपल्या रागांना जुळत नाहीत, तिच्यात मींड निघत नाही, असे आक्षेप होते. लायोनेल फील्डन हे आकाशवाणीचे प्रमुख असताना 1940 च्या मार्चपासून बंदी आली. स्वातंत्र्य आले तरी ती उठली नाही. आपल्या आई-वडिलांनी ज्या नागपूर केंद्रावर गाणी ऐकली ते 1948 साली सुरू झाले, तेव्हाही पेटी बाहेरच होती. 1971 साली बंदी अंशतः उठली. त्या तीस वर्षांत पेटी बाहेर मात्र थांबली नाही. ती भजनात होती, कीर्तनात होती, नाटकात होती, आपल्या व्हरांड्यात होती. आपल्या शेजारच्या नागपूरचे पंडित मनोहर चिमोटे यांनी तिला ‘संवादिनी’ म्हणून स्वतंत्र मैफलीच्या आसनावर बसवले. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली. तिच्या पट्ट्यांखालच्या खुंट्या ओढून हवी ती श्रुती निवडता येते. देवलांचे अर्धवट राहिलेले काम शंभर वर्षांनी दुसऱ्या मराठी माणसाने हाती घेतले.

युरोपातही हेच होते. हार्पसिकॉर्डच्या काळात बारा सारखे भाग करण्याची चाल रूढ नव्हती. काही गंधार अगदी गोड लागावेत म्हणून वादक सूर वेगळ्या पद्धतीने लावत आणि मग एखादी जोडी इतकी बेसूर होई की तिला ते ‘लांडगा’ म्हणत. त्या पट्ट्यांकडे जायचेच नाही, एवढे पथ्य पाळत. म्हणून तर डिजिटल हार्पसिकॉर्ड बनवणाऱ्यांनी सूर लावण्याच्या त्या जुन्या पद्धती बटनांवर ठेवल्या. तो हौशी लोकांचा हट्ट नव्हता. ते ऐकूनच जुनी रचना का तशी लिहिली हे कळते. ‘बरोबर करण्या’आधी ऐकायचे असते, हे त्यांना ठाऊक होते; मला नव्हते.

मी माझे ‘होय’ मागे घेतले. मूळ मुद्रणे जपून ठेवली होती म्हणून बरे. आता आपल्या प्रतिकृतीत दोन सोयी आहेत: एका बटनावर बारा सारखे भाग, दुसऱ्या बटनावर सरांची काळी चार. पुढच्या भेटीत सरांनी दुसऱ्या बटनावर पाऊण तास वाजवले. भाता मारावा लागत नव्हता, खांदा दुखत नव्हता. ज्या माणसाला मूळ पेटी आता वाजवता येत नाही, त्याला तिची नक्कल वाजवता आली. डिजिटल वाद्याची बाजू घ्यायची तर याहून मोठे कारण मला सांगता येणार नाही.

पण उठताना ते म्हणाले, ‘सगळे सूर आले. पण हे एकमेकांना ओळखत नाहीत.’

याचा अर्थ मला यंत्राच्या बाजूने कळला. पेटीत एकच भाता असतो. तीन पट्ट्या एकदम दाबल्या की तेवढीच हवा तिघींत वाटली जाते. प्रत्येकीचा आवाज किंचित दबतो. वाजवणाऱ्याचा डावा हात ते ओळखून भाता वाढवतो. माझ्या प्रतिकृतीत प्रत्येक सूर वेगळा मुद्रित झालेला आहे. शेजारी कोण बोलते आहे याची त्याला खबर नसते. मोठ्या ऑर्गनचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी हवेच्या या वाटणीचेही गणित बसवले आहे. मी प्रयत्न केला. थोडे जमले, बरेचसे नाही. त्यासाठी खरी पेटी समोर लागते: वाजवायची, मोजायची, पुन्हा वाजवायची. मूळ वाद्य भंगारात गेले तर नक्कल जिथे चुकली तिथेच कायमची चुकलेली राहते. मूळ पेटी नसती आणि सर नसते, तर चढलेला गंधारच आपल्या शाळेचा गंधार ठरला असता आणि कुणाला कळलेही नसते.

म्हणून ग्रुपवर मी माझा प्रस्ताव मागे घेतला आणि नवा ठेवला, तो तुम्ही मान्य केलात याबद्दल आभार. कीबोर्ड शाळेला मिळेल. मुलांना तो हवा आहे आणि त्यांना तो मिळालाच पाहिजे. पेटीही राहील. भाता नवा बसेल, पाच मुके सूर बदलले जातील. बाकीच्या जिभांना कुणी हात लावायचा नाही, विशेषतः त्या तिघींना. दुरुस्ती करणाऱ्याला तसे लिहून दिले आहे. पितळेसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या भंडाऱ्यात असे पितळ भंगाराच्या भावाने जाऊ नये.

आता एक विनंती. ते पाच सूर बोलत होते तेव्हा कसे बोलत होते, हे कळायला माझ्याकडे काही साधन नाही. आपल्या वेळच्या स्नेहसंमेलनांच्या कॅसेट कुणाच्या तरी माळ्यावर, कुणाच्या तरी लोखंडी पेटीत असतील. आवाज खरखरीत असला तरी चालेल, गाणे कुणी बेसूर म्हटलेले असले तरी चालेल. मागे पेटी ऐकू आली म्हणजे झाले. मेळाव्याला येताना त्या घेऊन या. टेप वाजवण्याचे यंत्र मी आणते. आणि सकाळी वेळेवर या. प्रार्थना काळी चारमध्येच होईल, आणि सूर कानात बसेपर्यंत कुणी तोंड उघडायचे नाही.